दुपारची चाळीस मिनिटं

अगं, पेशंटला खोटं पाडायची माझी खोड कशी मोडली, ऐक. सॉल्ट लेकमधल्या झोपेच्या लॅबमध्ये मी नवीनच शिकत होते. रात्री तपासणीला झोपलेले एक आजोबा सकाळी म्हणाले, "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." मी त्यांच्या मेंदूचा आलेख दाखवून ठणकावलं, "पाच तास झोपलात!" बिचारे पिशवी उचलून घरी गेले.

आमच्या सीनियर मितालीदींनी ते ऐकलं. दुपारी त्यांनी माझ्याच डोक्याला पेस्टने वायरी चिकटवून मला आडवं केलं. वायरी काढताना मी म्हटलं, "छे, झोप लागलीच नाही." त्यांनी माझा आलेख पुढे ठेवला. चाळीस मिनिटं झोप!

"दीदी, शपथ, मी खोटं नाही बोलत!"

"मग आजोबा बोलत होते का?"

केसांतली पेस्ट न धुताच मी आजोबांना फोन लावून माफी मागितली. आता दीदींचे उपकार मी माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला दुपारी झोपवून फेडते.