दसऱ्याला पुजलेली रायफल

घाबरणं म्हणजे काय ते मला विचारा! माझे जर्मन सासरे जुने शिकारी. मी शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झालो म्हणून त्यांनी मला रायफल भेट दिली, एकदम हलकी. हलकी रायफल खांद्याला जबर धक्का देते म्हणे, त्यामुळे तिच्यावरची दुर्बीण नेमाशी जुळवायला येना शहराजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो तेव्हाच मी घाबरलेलो होतो.

काडतूस भरलं, श्वास रोखला, बोट ट्रिगरवर नेलं. तेवढ्यात सासरे ओरडले, "हाल्ट! नळीतून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी काडतूस काढून नळी उजेडाकडे धरली. आत अंधार. नळी साफ करायचा गज घातला, तर बाहेर आला झेंडूचा देठ.

सासरे पांढरेफटक पडले. "नळी तुझ्या तोंडावर फुटली असती," एवढंच म्हणाले आणि मटकन खाली बसले.

देठ बघताच मला आठवलं. दसऱ्याला आई इकडे जर्मनीत आली होती, तिने रायफलीची पूजा केली होती. निर्माल्य काढताना देठ आत तुटला असणार. तिथूनच तिला पुण्याला फोन लावला.

"आई, नळीत फूल खोचलं होतंस?"

"मग? वर ठेवलं की घसरत होतं. का रे?"

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघ! पूजा केली म्हणून वाचलास."

"काय म्हणाली आई?" सासऱ्यांनी विचारलं. रायफल अजून त्यांच्याच हातात होती.

मी म्हटलं, "माफी मागतेय."