पत्रिकेतली नावं वयानुसार

आणि वर म्हणे, डबा विकून टाका! अहो, डबा काय डबा... आता रेवणप्पांचं परळीच्या पेठेत भांड्यांचंच दुकान, उभा जन्म पिठाचे डबे, चहासाखरेचे डबे, कडीचे डबे विकण्यात गेलेला, तेव्हा जगातली कुठलीही चौकोनी वस्तू त्यांना डबाच दिसणार हे आपण समजू शकतो, पण तो कॉम्प्युटर होता हो! थ्री-एट्टी-सिक्स! औरंगाबादच्या कुठल्याशा ऑफिसातून जुना आणलेला, काळा पडदा, हिरवी अक्षरं, केदारनाथनं एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. कंडक्टर म्हणाला, टीव्हीचं अर्धं तिकीट पडेल. हा म्हणाला, हा टीव्ही नाही. तर म्हणे, मग पूर्ण पडेल. आता खरं बोलला, यात केदारनाथचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

केदारनाथ म्हणजे रेवणप्पांचा थोरला. वय सव्वीस, बी.कॉम., अंबाजोगाईला जाऊन-येऊन सहा आठवड्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. सकाळी दुकान, संध्याकाळी दुकान, पण दुपारी पेठ पेंगायला लागली की हा वरच्या खोलीत. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, शाल बाजूला करायची... हो, शाल. कुणाच्याशा लग्नात आहेर आलेली नवी शाल त्या कॉम्प्युटरला, आणि हा स्वतः थंडीत जुन्या स्वेटरवर. आई शांतादेवी पूजा झाली की त्यालाही भस्माची तीन बोटं ओढायच्या, खिडकीतून परळीच्या थर्मल वीजकेंद्राची राख यायची ती वेगळीच, त्यामुळे कीबोर्डात देवाची राख किती आणि थर्मलची किती हे कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि तिथं बसून करायचा काय, तर प्रोग्राम लिहायचा. कुणी सांगितलेला? कुणी नाही. पगार? नाही. नुसती हौस! पहिला प्रोग्राम लिहिला लाइट कधी जाणार ते सांगणारा. तीन महिने वहीत लाइट गेल्याच्या वेळा टिपल्या, सगळ्या आत घातल्या, घरातल्या सगळ्यांना उभं करून बटण दाबलं, आणि उत्तर यायच्या आत लाइट गेली. म्हणजे उत्तर बरोबरच असणार, पण बघायला मिळालं नाही. दुसरा प्रोग्राम आईसाठी. रोज भाजी काय करू, भाजी काय करू म्हणतेस ना, घे, कॉम्प्युटर सांगेल. कॉम्प्युटरनं सांगितलं शेपू. दुसऱ्या दिवशी शेपू. तिसऱ्या दिवशी परत शेपू. शांतादेवींनी तिन्ही दिवस केला, कारण यंत्राला भस्म त्या स्वतः लावत होत्या, त्याचा शब्द मोडायचा कसा? चौथ्या दिवशी रेवणप्पा ताटावरून उठले. चिठ्ठी काढावी तसा नशिबानं आलेला शेपू, यात केदारनाथचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तर तुम्हाला सांगतो, साल अठ्ठ्याण्णव. धाकटी बहीण शिवांजली, तिचं लग्न ठरलं. आणि रेवणप्पांनी केदारनाथला समोर बसवून, आवाज न चढवता सांगितलं, "हे बघ. ह्या लग्नात तुझ्या डब्याचा एक तरी उपयोग दाखव. न्हाई दाखवला, तर लग्न पार पडलं की अंबाजोगाईचा टायपिंगवाला घेऊन जाणार हाय. मी शब्द दिलाय." टायपिंगवाल्याला कशाला पाहिजे होता, तर क्लासच्या दारात ठेवायला. म्हणजे आत कुणी त्याला हातसुद्धा लावणार नाही, नुसता शोभेला! केदारनाथला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्याचा जीव होता हो त्या यंत्रावर, सरळ सांगतो, सख्ख्या माणसावर असतो तसा.

मग त्याला सुचलं. आपल्याकडं लग्नात खरं भांडण कशावरून होतं? हुंड्यावरून? मानपानावरून? ते नंतर. पहिलं भांडण पत्रिकेवरून! कुणाचं नाव वर, कुणाचं नाव खाली. चुलत बहिणीच्या लग्नात मामांचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं, तर मामा लग्नाला आले, मांडवात उभे राहिले, पाणीसुद्धा न पिता परत गेले, आणि पुढं चार वर्षं त्यांच्या घरचा दिवाळीचा फराळ आला नाही. केदारनाथ म्हणाला, अण्णा, नावं मी लावतो. कॉम्प्युटरला ना चुलता ना मामा. वयानुसार लावतो, मोठा तो वर, लहान तो खाली, कुणी रुसायचा प्रश्नच नाही. रेवणप्पांनाही पटलं. आणि मला सांगा, तुम्हाला नसतं पटलं?

झालं, हा वही घेऊन वयं गोळा करत सुटला. आत्या चंद्रभागाबाई, त्यांना जन्मसाल विचारलं तर म्हणाल्या, "मी रझाकाराच्या साली, ज्वारी काढणीला. आन तुझ्या काकूपेक्षा धाकटी लिही, मंग साल कोनतंबी टाक." आता ज्वारी काढणी ही काय तारीख आहे? मेहुणे म्हणाले एक जून. त्यांचे भाऊ एक जून. मामा एक जून, मामांचे व्याही एक जून. अठ्ठावीस माणसांत एकोणीस जण एक जूनला जन्मलेले! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट टाकलेली तारीख ती, पण केदारनाथनं तीही इमानदारीनं भरली. सगळ्या यादीत अस्सल तारीख एकाच माणसाची निघाली, नेकनूरच्या थोरल्या आप्पांची. बसवेश्वरआप्पा, रेवणप्पांचे सख्खे चुलते, भावकीत सगळ्यात वडील. जंगमस्वामींच्या जुन्या वहीत त्यांचा जन्म तिथीवारासकट लिहिलेला, शके अठराशे अठरा. केदारनाथनं त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले, आले अठराशे शहाण्णव. केवढा आनंद झाला त्याला! एकशे दोन वर्षांचा माणूस, पत्रिकेत सगळ्यात वर शोभेल.

आता इथं जरा लक्ष द्या. प्रोग्राममध्ये सालाला त्यानं दोनच आकड्यांची जागा ठेवलेली. कावून? अहो, जागा कमी! त्या काळात सगळं जगच दोन आकडे लिहायचं, अठ्ठावन्न म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न, त्यात सांगायचं काय. तसं त्यानं आप्पांचं साल टाकलं, शहाण्णव. चालू साल अठ्ठ्याण्णव. कॉम्प्युटरनं वजाबाकी केली. दोन. आणि प्रोग्राम इतका हुशार लिहिलेला की साठीच्या पुढं गेलं की श्रीमान, बाराच्या आत असलं की चिरंजीव, आणि चिरंजीव मंडळींची ओळ वेगळी काढून पार तळाला न्यायची. सगळं आपोआप! वजाबाकी बरोबर, प्रोग्राम बरोबर, यात केदारनाथचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

यादी भोकाभोकाच्या कागदावर करकरत बाहेर आली, तशीच प्रेसला गेली. रेवणप्पांनी विचारलं, वाचून बघितली का? हा म्हणाला, अण्णा, कॉम्प्युटरचं वाचून बघायचं नसतं. हे एक वाक्य तेवढं त्यानं बोलायला नको होतं. प्रेसवाल्याला वाटलं, आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असणार, ठेवतातच. पाचशे पत्रिका छापल्या, कुंकू लावलं, पहिली वैजनाथापुढं ठेवली, बाकीच्या गावोगाव गेल्या. आणि चौथ्या दिवशी चंद्रभागाआत्या दारात. चपला न काढता. हातात पत्रिका, बोट पार खालच्या ओळीवर.

तिथं, शेवटी, वेलबुट्टीच्या बाजूला, ती बारक्या लेकरांची ओळ असते ना... "आमच्या शिवाताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!" आणि खाली नावं. चि. पिंटू, कु. सोनाली, चि. बसवेश्वरआप्पा.

आत्या म्हणाल्या, नेकनूरमध्ये पत्रिका मोठ्यानं वाचून दाखवली. आप्पांसमोर. भावकी बसलेली. वाचणारा वाचत गेला आणि शेवटच्या ओळीला त्याची वाचा बसली. तेव्हापासून आप्पा एक शब्द बोललेले नाहीत. भावकीनं ठरवलंय, नेकनूरहून एक माणूस येणार नाही. आणि हे स्थळ आप्पांनीच जमवलेलं, त्यांचीच माणसं आली नाहीत तर पोराकडचे विचारणार, कावून आले न्हाईत? काय सांगायचं, ते दोन वर्षांचे आहेत म्हणून? रेवणप्पांनी सरळ अंबाजोगाईला फोन लावला, टायपिंगवाल्याला सांगितलं, लग्न झालं की सोमवारीच या, येताना पोतं आणा.

दुसऱ्या दिवशी केदारनाथ बीडच्या एसटीत. अंबाजोगाई गेलं, केज गेलं, याच्या तोंडात एकच वाक्य, आप्पा, शतकाचे दोन आकडे मी लिहिलेच नाहीत. पाठ केलं, विसरला, परत पाठ केलं. नेकनूरला उतरला तर पाणी दिलं पण चहा विचारला नाही, म्हणजे बघा. आप्पा खाटेवर, पांढरं धोतर, गळ्यात इष्टलिंग, आजूबाजूला भावकीची वीसेक माणसं बसलेली. यानं पाय धरले आणि एका दमात सगळं सांगितलं, जागा कमी, दोन आकडे, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, वजाबाकी. मागं कुणीतरी म्हणालं, काय बोलतंय बे हे.

आप्पांनी डोळे उघडले. "म्हंजी तुझ्या यंत्राला मागचं शंभर साल म्हाईतच न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

"निजाम म्हाईत न्हाई? प्लेग म्हाईत न्हाई?"

"न्हाई."

"बरं हाय त्याचं," आप्पा म्हणाले, आणि केदारनाथला पायांवरून उठवून जवळ बसवलं. मग म्हणाले, "मी येतो लग्नाला. पन छापलंय तसंच येनार. लेकरांच्या पंगतीत बसनार. मोठ्यांच्या पंगतीत मला मान देतेत, हार घालतेत, भाषनं करतेत, आन ताट येतं तवा बुंदी संपल्याली असती. पंचवीस साल झाले, लेका, कुनी इचारलं न्हाई, आप्पा, तुमाला भूक लागली का म्हनून."

भावकीतलं कुणी हसलं नाही. केदारनाथला मात्र रडू आलं, तो तिथंच खाटेच्या काठावर बसून रडला, आणि मग चहा आला.

लग्न झालं. अक्षता पडल्या, पहिली पंगत लेकरांची बसली, आणि पिंटू आणि सोनालीच्या मधे बसवेश्वरआप्पा. मांडी घालून! गरम बुंदी, दोनदा वाढली. पिंटूनं त्यांना पापड मोडून दिला. सगळा मांडव येऊन बघून गेला, पोराकडचेही आले, त्यांना वाटलं ही इकडची जुनी रीत असेल, त्यांनी आपला एक म्हातारा शोधून आणून बसवला. कुणी रुसलं नाही, कुणी उपाशी गेलं नाही, शिवांजली हसत सासरी गेली. पण रेवणप्पा म्हणाले, आप्पा आले ते आप्पांच्या मनाचा मोठेपणा. त्यात डब्याचा उपयोग काय झाला?

मग शनिवार-रविवार केदारनाथ वर बसला. यंत्र जाणार तर आहेच, पण चुकीचं काही घेऊन जायला नको. सासरी पाठवायच्या लेकीची वेणी घालावी तसा तो प्रोग्राम त्यानं ओळ न् ओळ नीट केला. सालाला चार आकडे केले, शकेसुद्धा आपोआप बदलेल असं केलं, आप्पांचं वय घालून बघितलं, एकशे दोन आलं. फ्लॉपीवर जुन्याच्या जागी नवं उतरवलं आणि शाल घडी करून ठेवली.

सोमवारी सकाळी टायपिंगवाला हजर, पोतं आणि सुतळी घेऊन. आणि त्याच्या मागोमाग दुकानाच्या पायरीवर सुंदरराव. कुठल्याशा सरकारी हापिसात हेडक्लार्क, रिटायर व्हायला आलेले, लग्नात जेवून गेलेले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "केदारनाथ, एकशे दोन वर्षांचा मानूस तू दोनावर आनतोस. मला जास्त नकोत. तीनच वर्षं कमी कर. पन छापून दे, त्या भोकाच्या कागदावर. हातानं लिहिलेलं आमचे साहेब मानत न्हाईत." त्यांच्या मागं आणखी दोघं उभे होते. त्यांच्या मागं एक बाई, लग्नाच्या मुलीची आई, तिला पाच पाहिजे होती.

रेवणप्पांनी रांगेकडं बघितलं. इतक्या वर्षांत भांडं सोडून दुसऱ्या कशासाठी त्या पायरीवर रांग लागली नव्हती. त्यांनी टायपिंगवाल्याला चहा पाजला, त्याचं पोतं त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, आमचं यंत्र विकायचं नाही. हो, यंत्र म्हणाले! केदारनाथनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पण तो पडला इमानदार. तो म्हणाला, "अण्णा, ती चूक होती. मी कालच दुरुस्त केली. आता बरोबर वय येतं."

रेवणप्पांनी रांगेकडं बोट केलं.

"बरोबर वय तर ह्यांचं ह्यांना घरी बसून म्हाईत हाय," ते म्हणाले. "त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

केदारनाथनं चपला काढल्या, हात धुतले, आणि दोन दिवस राबून काढलेली चूक परत घालायला बसला.