टाइपरायटर आणि गाडीची पाटी

शहाद्याच्या स्टँडवर धुळ्याच्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते. बाईच्या डोक्यावर गोधडीत गुंडाळलेला टाइपरायटर होता. नवरा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करायचा, एवढं त्यांच्या अहिराणी बोलण्यातून कळलं. तो बायकोला सांगत होता,

"नवी रिबन टाकी, तरी अक्षर पुसटच. आते ते टाइप करेल एक ओय दोन दखास."

"घासलेटघाई अक्षरं धुयात ना?"

"दोनदा धुयात. समास बी सरकाडी दखा. तरी ओय कागदना बाहेर जास. जमना, मशीन म्हातारं व्हयनं वं."

"धुळाले दखाडू ना. ती गाडी उनी, दखा. पाटीवर काय लिखेल शे? मले वाचता येस नही."

"पाटीवर कितली धूय शे!"

"कंडक्टरनी आतेच पुसी. मी दखं."

त्याने डोळे चोळून पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"मशीन बरोबर शे, अशे म्हनस का तू?"

"धुळाले डोयाना डॉक्टर शे. मी इचारी ठेयेल शे."

"मंग हाई वझं कसाले आनं? घरमा ठेवी येतू ना!"

"मशीन नही आनतू, ते तुम्ही घरना बाहेर पडतात का?"

रांग पुढे सरकली.

"दे इकडे. जड शे."

"ऱ्हाऊ द्या. तुम्ही मन्हा पदर धरा. गाडीनी पायरी उची शे."