गुडघ्याचं माप

परवा माही जुनी जीप पाहाले एक गिऱ्हाईक आला. बॉनेट उघडून म्हणते, "एअर फिल्टर एवढा वर काऊन बसवला, भाऊ?"

आता याले काय सांगू! पहिले मी तो गडचांदूरले हौसेनं खाली, बंपरमागं बसवून घेतला होता. थंडी हवा भेटली का गाडी पळते म्हणे. मंग बाबाले घेऊन हेमलकशाले निघालो. वाटेत नाल्याले पाणी. बाबा नेहमीसारखा पॅन्ट दुमडून आधी पाण्यात उतरला, अन् पलीकडून वरडला, "ये, गुडघ्याच्या खालीच हाय!"

मी गाडी टाकली. अर्ध्यात बंद.

"चावी फिरवू नको! इंजिनात पाणी गेलं असन!" बाबा धावत आला, वाकून पाह्यलं. "गाडीचं हवा घ्याचं नाक गुडघ्याच्या खाली आणलं अन् मले सांगतलं नाई? मी जुन्याच नाकाचं माप घेऊन राह्यलो ना बे!"

इंजिन वाचलं. दुसऱ्या दिवशी बाबाले गाडीजवळ उभं केलं, अन् त्याच्या गुडघ्याच्या चांगला हातभर वर फिल्टर बसवला.

आता त्या नाल्यावर पूल हाय. बाबा नाई.

गिऱ्हाईक म्हणे, "मी तं खाली घेईन तो."

म्हटलं, "मंग गाडी इकाची नाई."