उपाशी पेशी

(जेजू बेट. समुद्रात बुड्या मारून शेवाळ-शिंपले काढणाऱ्या मल्सुनचं स्वयंपाकघर. शहरात प्रयोगशाळेत कॅन्सरवर संशोधन करणारी लेक योनहुई आत्ताच आली आहे.)

योनहुई: आई, पातेल्यात काय आहे?

मल्सुन: शेवाळाचं सूप. हात धू नि बस.

योनहुई: तू प्यायलीस हे?

मल्सुन: रोज पिते. तूच नाही का टीव्हीवर सांगितलंस, शेवाळातल्या चिकट रसाने कॅन्सर मरतो म्हणून? बंदरावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी नुसती फुगले होते!

योनहुई: अगं, काचेच्या ताटलीत मरतो तो!

मल्सुन: मग माझ्या गळ्यात मरायला काय धाड भरली त्याला?

योनहुई: आम्ही शेवाळ उकळतो, गाळतो, त्यातला एकच पदार्थ वेगळा काढून थेट पेशींवर टाकतो. सूप पोटात जाऊन पचतं. पुढे काय नि किती पोचतं, ते अजून शोधतोच आहोत.

मल्सुन: आणि त्या ताटलीतल्या पेशी कुणाच्या गं?

योनहुई: कुणा एका बाईच्या. ती कधीच गेली.

मल्सुन: अगं बाई! आणि पेशी जिवंत? खायला काय घालता त्यांना?

योनहुई: साखर, क्षार... आई, विषय बदलू नकोस. समुद्राचं काही खायचं नाही, शेवाळ तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना?

मल्सुन: मासे सोडले, शिंपले सोडले, मीठसुद्धा बदललं. शेवाळाचं एक पान चावलं नाही, नुसतं पाणी प्यायले. तू झालीस तेव्हा महिनाभर हेच पीत होते. बाळंतिणीला चालतं, मग मला का नाही?

योनहुई: त्या पाण्यातच आयोडीन उतरतं गं. ऑपरेशननंतर गळ्यात उरलेल्या थायरॉइडच्या पेशींना आयोडीनसाठी उपाशी ठेवायचं असतं. मग येत्या गुरुवारी किरणांचं आयोडीन दिलं, की त्या अधाशासारख्या गिळतात नि मरतात.

मल्सुन: म्हणजे मी त्यांना पोटभर जेवू घातलं?

योनहुई: हो. आता गुरुवार हुकला. पुन्हा पहिल्यापासून पथ्य. तोवर त्या वाढल्या तर... मला भीती वाटते, आई.

मल्सुन: रडू नकोस. फोन कर डॉक्टरांना. आणि टीव्हीचं काही काढू नकोस, तुझ्या नोकरीवर यायचं. म्हण, म्हातारी अडाणी आहे, कुणाचं ऐकत नाही.

योनहुई: हॅलो, डॉक्टर? मी मल्सुनबाईंची मुलगी. हो, शेवाळाचं सूप प्यायली ती. रोज. नाही, हट्टी नाहीये. माझं ऐकून प्यायली.