ऊन न लागलेली जागा

त्वचेच्या डॉक्टरांकडे शिंपीकाकांचा नंबर यायला अजून बराच अवकाश होता. शेजारी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाई आणि त्यांची धाकटी बहीण बसल्या होत्या. काकांनी पेपर उघडला खरा, पण कान तिकडेच.

"कुंडी होती कुठे, ताई?"

"दोन दिवस अंधाऱ्या कपाटात. मग दिवसभर खिडकीतल्या उन्हात. खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडे."

"बरं, मग?"

"संध्याकाळी पान तोडलं, स्पिरिटमध्ये उकळून हिरवा रंग काढला आणि आयोडीन टाकलं. ऊन लागतं तिथेच पान अन्न तयार करतं, आणि तेवढाच भाग काळानिळा होतो."

"नाही झाला?"

"झाला की. पण मधे चार पांढरट पट्टे राहिले. बोटांचे. अंगठा पानाच्या मागे असणार. कुणीतरी दिवसभर धरून ठेवलं होतं गं ते पान."

"काहीतरीच तुझं! कागद चिकटला असेल."

"मीही मनाची तशीच समजूत घातली होती. काल खेळांच्या स्पर्धेला दिवसभर उन्हात उभी होते."

"म्हणून तर एवढी रापलीस."

"हो ना. आता हे मनगट बघ."

"अगं बाई! इथेही तसेच पांढरट पट्टे! चारच आहेत. अंगठा?"

बाईंनी सावकाश हात उलटा केला.