सुधाने जे सिद्ध केलं नाही

मंडळी, एवढ्या उन्हाचे तुम्ही सुधाच्या शोकसभेला अख्ख्या उज्जैनमधून, नानाखेड्याहून, माधव नगरहून आलात. तिला बरं वाटलं असतं. 'माझ्या व्याख्यानाला इतके का नव्हते?' असंही तिने विचारलं असतं. तीस वर्षं आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं, ती फिजिक्स, मी इंग्रजी. आज मला बोलणं जड जातंय. दुःखाने जातंय, आणि रागानेही. राग आधी सांगते.

आत्ता आपल्या मराठी मंडळाचे सचिव विनायकराव यांनी शोकप्रस्ताव वाचला. त्यात एक ओळ आहे. 'वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे ध्रुवावरचं वाऱ्यांचं चक्र तुटतं, हे सुधाताईंनी सिद्ध केलं.'

सिद्ध केलं? सुधाने? विनायकराव, तिने हे सिद्ध केलेलं नाही. अजून कोणीच केलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तुम्हीच तिला व्याख्यानाला बोलावलंत. मी पहिल्या रांगेत होते. ती म्हणाली, हिवाळ्यात ध्रुवावर, ढगांच्याही खूप वर, गार वाऱ्यांचं एक प्रचंड चक्र फिरतं. कार्बन डायऑक्साइड खाली आपल्याकडे उष्णता वाढवतो, पण तिथे वर हवा गार करतो. त्याने ते चक्र बळकट होऊ शकतं. उलट खालून वर जाणाऱ्या हवेच्या लाटा वाढल्या, तर ते कमजोरही पडू शकतं. मग तिथली थंडी दक्षिणेकडे सांडते. यातलं काय होईल? संगणकावरची गणितं एकमेकांशी जुळत नाहीत. 'मला माहीत नाही,' ती म्हणाली. माइकवर, स्वच्छ म्हणाली.

मागून कोणीतरी ओरडलं, 'ताई, मग आपल्या उज्जैनची थंडी?'

'तिचा दोष मी इतक्या लांबच्या वाऱ्यावर नाही टाकणार. स्वेटर घाला.'

तुम्ही सगळे हसलात. आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काय आलं? 'उज्जैनच्या विदुषीने सिद्ध केलं!' पुढे मंडळाच्या पत्रिकेच्या अंकातही तेच छापलं.

सुधाने विनायकरावांना फोन लावला. मी समोरच बसले होते.

'विनायकराव, मी असं बोलले नाही.'

'अहो ताई, गौरवच तर केलाय!'

'खोटा केलाय.'

'जाने दीजिए ना ताई, इतकं बारीक कौन देखता है?'

'मी बघते.'

तिने चार ओळींची दुरुस्ती लिहून दिली. ती छापायची राहिली. पुढच्या अंकातही राहिली. आता ती लिहिणारीच राहिली नाही.

मान खाली घालू नका, विनायकराव, एकट्याने तर नकोच. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली, तेव्हा मी काय म्हटलं माहितीये? 'सोड गं सुधा, नाव तर झालं.' मी म्हटलं हे. चहा तसाच ठेवून ती उठली. तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

माहीत नाही म्हणजे काळजी नाही, असं तिला वाटत होतं का? उलट. ती म्हणायची, 'एवढ्या मोठ्या चक्रात आपण हात घातलाय, आणि ते कुठे वळेल ते कळत नाहीये. भीती याचीच आहे.'

आपल्याकडे रिवाज आहे. प्रस्ताव उभं राहून मंजूर करायचा, फ्रेम करायचा, तेराव्याला घरी द्यायचा. माणूस गेलं की आपण त्याला होतं त्याहून मोठं करतो. मायेनेच करतो. पण ही फ्रेम तिच्या मुलीच्या, मृणालच्या भिंतीवर लागणार. मृणालही फिजिक्स शिकवते. आईच्या नावावरचं खोटं तिने रोज बघायचं?

कोणी म्हणेल, मॅडम, ही काय वेळ आहे? मग कोणती? उद्या टावर चौकातला फ्रेमवाला त्यावर काच बसवेल.

विनायकराव, पेन घ्या. ती ओळ खोडा. लिहा, 'वाढत्या कार्बन डायऑक्साइडने ध्रुवावरच्या चक्राचं काय होईल, याचा सुधाताई शेवटपर्यंत अभ्यास करत होत्या. जे माहीत नव्हतं, ते माहीत नाही असंच त्यांनी सांगितलं.'

मनात नको. मोठ्याने वाचा.

हं. मृणाल, चालेल? बरं.

सुधा, मला फार उशीर झाला गं.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं. या दोन मिनिटांत तरी तिच्या तोंडी कोणी काही घालू नका.